जिथे पोहोचलाच नाही, त्याची नोंद

अमेरिकेच्या बेसबॉल या खेळाची हिशेबवही एका क्रिकेटच्या वार्ताहराने घातली, ही गोष्ट त्या देशात फारशा उत्साहाने सांगितली जात नसावी. परंतु त्या खेळातील क्षेत्ररक्षणाच्या मोजमापाचा जो दीडशे वर्षांचा इतिहास आहे, त्यातील बरेचसे गुण आणि जवळजवळ सगळे दोष याच उगमापाशी सापडतात. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधील एक्सेटर येथे 1824 मध्ये जन्मलेला आणि 1837 मध्ये आईबापांबरोबर ब्रुकलिनला येऊन स्थायिक झालेला गृहस्थ. क्रिकेटचे वृत्तांत लिहिता लिहिता 1856 च्या सुमारास, हडसन नदीपलीकडे होबोकेनच्या मैदानावर चाललेल्या बेसबॉलकडे त्याचे लक्ष गेले, आणि तेव्हापासून 1908 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या खेळाचे नियम, त्याची परिभाषा आणि मुख्यत्वेकरून त्याचे दफ्तर सिद्ध करण्यात त्याने आपली हयात वेचली. 1859 मध्ये त्याने छापलेल्या धावपत्रकाचे वळण उघडउघड क्रिकेटचे होते. मात्र कालांतराने त्या पत्रकात एक असा रकाना कायम झाला, की जो क्रिकेटने आजतागायत स्वीकारलेला नाही: क्षेत्ररक्षकाच्या हातून घडलेल्या चुकीचा. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर त्याची कुजबुज होते, वृत्तपत्रात टीका होते, पण अधिकृत पत्रकात त्याचा मागमूस राहत नाही; बेसबॉलमध्ये तो अपराध अपराध्याच्या नावावर कायमचा रुजू होतो.

या अपराधाचे स्वरूप समजण्यासाठी मैदानाचा थोडा नकाशा डोळ्यांपुढे हवा. चार बेसांनी आखलेल्या चौकोनाच्या पलीकडे, कुंपणापर्यंत पसरलेला जो हिरवा विस्तार, तो डावा, मधला आणि उजवा अशा तिघा आउटफील्डरांच्या स्वाधीन केलेला असतो. उंच मारलेला चेंडू हवेत चार-पाच सेकंद राहतो, आणि तेवढ्या अवधीत ज्याला शंभर फूट धावून त्याच्याखाली जाता येते तो फलंदाजाला बाद करतो, ज्याला जाता येत नाही त्याच्या पुढ्यात तो चेंडू गवतावर पडून फलंदाजाला एक, दोन, कधी तीन बेस मिळवून देतो. म्हणजे आउटफील्डरचा खरा धंदा झेलण्याचा नव्हे, पोहोचण्याचा आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी चॅडविकच्या वहीची शाई संपते. कारण चूक कोणाच्या नावावर लिहायची याचा निकष असा, की सामान्य प्रयत्नाने जो चेंडू साधला असता तो न साधणे म्हणजे चूक. आणि जो मुळात चेंडूपर्यंत गेलाच नाही, त्याने तो साधायला हवा होता असे म्हणण्यास धावलेखक सहसा धजत नाही. परिणामी मंद पायांचा, कचखाऊ वृत्तीचा, दोन पावले अलीकडेच थबकून चेंडू टप्प्यावर घेणारा गृहस्थ निष्कलंक ठरतो, आणि जिवाच्या आकांताने धावून चेंडूला बोटे लावणारा, पण तो मुठीत न ठेवू शकणारा शूर पुरुष गुन्हेगारांच्या यादीत जातो. जो कारकून फायलीला हातच लावत नाही, त्याच्याकडून शाई सांडण्याचा संभव नसतो, तशातलाच हा प्रकार होय. 1942 मध्ये फिलाडेल्फियाच्या डॅनी लिटव्हायलर याने संपूर्ण हंगाम एकही चूक न करता पार पाडला. आउटफील्डरांत हा मान मिळवणारा तो पहिलाच, आणि त्याचा हातमोजा कूपर्सटाउनच्या संग्रहालयात मोठ्या इतमामाने ठेवलेला आहे. पण त्या मोज्यावरून त्याच्यापासून दहा फुटांवर पडलेल्या चेंडूंची काहीच कैफियत कळत नाही.

चॅडविकला हे कळत नव्हते असे समजणे अन्यायाचे होईल. 1870 च्या दशकाच्या आरंभीच त्याने असे मत मांडले होते, की ज्याच्या चुका सर्वांत कमी तो उत्तम खेळाडू नव्हे, ज्याच्या हातून सर्वाधिक चांगली कामे घडतात तो उत्तम. आणि कौशल्याचा अंदाज त्या कामांच्या नोंदीवरूनच केला पाहिजे. हा विचार आपल्या काळाच्या शंभर वर्षे पुढचा होता. त्याच्या काळात खेळाडू मोजे न घालता, उघड्या तळहातांनी चेंडू अडवीत; सिनसिनाटीच्या 1869 च्या प्रसिद्ध व्यावसायिक संघाचा नायक हॅरी राइट, जो शेफील्डमध्ये जन्मलेला, क्रिकेटच्या व्यावसायिकाचा मुलगा आणि स्वतः क्रिकेटपटू होता, तो मधल्या मैदानात उभा राहत असे तो उघड्या हातांनीच. अशा युगात चेंडू सुटणे ही नित्याची गोष्ट असल्यामुळे चुकांच्या मोजणीला काही अर्थ होता. पुढे मोजे आले, ते वर्षागणिक रुंदावत गेले, मैदानांची मशागत सुधारली, चुका विरळ झाल्या आणि शंभर संधींपैकी अठ्ठ्याण्णव साधणारा व नव्याण्णव साधणारा यांतील फरक नगण्य उरला. तरी वहीतला रकाना मात्र तोच राहिला, आणि हंगामाच्या अखेरीस त्याच रकान्यावरून श्रेष्ठत्वाचे दाखले दिले जाऊ लागले.

दुसरा एक रकाना धावपटूला फेकीने बाद करण्यात दिलेल्या साहाय्याचा. त्यातही गफलती काही थोड्या नाहीत. ट्रिस स्पीकर याच्या नावावर 449 साहाय्यांचा जो विक्रम आजही अबाधित आहे, तो त्याच्या बाहूइतकाच त्या काळच्या मरगळलेल्या चेंडूचा विक्रम आहे; चेंडू दूर जातच नसल्यामुळे स्पीकर मधल्या मैदानात इतका पुढे येऊन उभा राही, की दुसऱ्या बेसवर तो स्वतःच धावपटूला गाठीत असे. 1920 नंतर चेंडूत प्राण आला, फलंदाज कुंपणापार मारू लागले, आणि सगळे आउटफील्डर निमूटपणे मागे सरकले. त्यानंतर 1930 मध्ये फिलाडेल्फियाच्या चक क्लाइनने एका हंगामात 44 साहाय्ये केली, आणि आकड्यांवर विश्वासणाऱ्या माणसाने त्याला त्या शतकातील सर्वश्रेष्ठ बाहू समजावे अशी परिस्थिती झाली. वस्तुस्थिती अशी होती, की बेकर बोल नावाच्या त्या मैदानाची उजवी भिंत फलंदाजापासून अवघ्या 280 फुटांवर होती, भिंतीवर आपटून आलेला चेंडू क्लाइनच्या हातात पडे तेव्हा धावपटू अजून वाटेतच असे, आणि त्यात फिलाडेल्फियाचे चेंडूफेके इतके सामान्य, की धावपटूंचा तुटवडा कधी पडलाच नाही. याच्या उलट पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे. त्याच्या फेकीची दहशत एवढी, की तिसऱ्या बेसकडे निघालेला माणूस वळून परत जाई. पाच हंगामांत साहाय्यांच्या यादीत तो आपल्या लीगमध्ये अग्रेसर राहिला हे खरे, पण जो धावपटू भीतीने निघालाच नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? दहशत जितकी वाढेल तितका तिचा पुरावा कमी होत जातो.

आता डोळ्यांनी पाहणाऱ्यांची बाजू. 29 सप्टेंबर 1954 रोजी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, आठव्या डावात, धावसंख्या 2-2 अशी समसमान असताना आणि क्लीव्हलंडचे दोन धावपटू बेसांवर उभे असताना, व्हिक वर्ट्झने मारलेला चेंडू न्यूयॉर्कच्या मधल्या मैदानातील विली मेजने कुंपणाकडे तोंड आणि फलंदाजाकडे पाठ करून, धावता धावता खांद्यावरून झेलला, आणि तोल जाता जाता गर्रकन वळून फेक केली. त्या मैदानाची बाजूची कुंपणे 280 फुटांच्या आत आणि मधले कुंपण सुमारे 480 फुटांवर, असा विचित्र लांबट आकार असल्यामुळेच तो झेल शक्य झाला. दुसऱ्या पुष्कळ मैदानांवर चेंडू बहुधा प्रेक्षकांत गेला असता. क्लीव्हलंडला त्या डावात धाव मिळाली नाही, आणि दहाव्या डावात डस्टी ऱ्होड्सने उजव्या बाजूला मारलेला, मेजने झेललेल्या चेंडूहून कितीतरी जवळ पडलेला फटका कुंपणापार जाऊन न्यूयॉर्क 5-2 असे विजयी झाले. अधिकृत पत्रकात मेजच्या त्या पराक्रमाची नोंद एका बादची आहे. एखाद्या पोराने जागेवरून न हलता घेतलेल्या झेलाचीही नोंद हुबेहूब तशीच होते.

परंतु त्याच काळी फिलाडेल्फियाच्या मधल्या मैदानात रिची ॲशबर्न नावाचा एक किरकोळ अंगलटीचा खेळाडू उभा होता. त्याने चार हंगामांत प्रत्येकी पाचशेहून अधिक फलंदाज झेलून बाद केले. मेजचा सर्वोच्च आकडा 448, आणि तो त्याच 1954 चा. 1957 पासून उत्तम क्षेत्ररक्षकास गोल्ड ग्लव्ह हे पारितोषिक दिले जाऊ लागले. मेजला ते लागोपाठ बारा वेळा मिळाले, ॲशबर्नला एकदाही नाही. येथे डोळ्यांचा पक्षपात झाला असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण ॲशबर्नच्या संघाचा प्रमुख चेंडूफेक्या रॉबिन रॉबर्ट्स हा फलंदाजांना उंच फटके मारावयास लावणारा होता, आणि जिथे चेंडू अधिक येतात तिथे झेलही अधिक होतात. मेज थोर आणि ॲशबर्नही थोर, पण किती अंतराने, हे त्या काळच्या कोणत्याही वहीवरून सांगता येत नव्हते. त्याच 1954 च्या ऑगस्टमध्ये ब्रांच रिकी या मुरब्बी संचालकाने, ॲलन रॉथ या आकडेतज्ज्ञाच्या साहाय्याने, बेसबॉलच्या यशाचे एक समीकरण एका साप्ताहिकात प्रसिद्ध केले. फलंदाजीची आणि गोलंदाजीची प्रत्येक बाब त्यात तोलून घातली होती, आणि क्षेत्ररक्षणाच्या जागी शून्य मांडले होते. क्षेत्ररक्षणाला किंमत नाही असा त्याचा अर्थ नव्हता. ते मोजता येत नाही अशी ती कबुली होती, आणि माझ्या मते त्या संपूर्ण समीकरणातील सर्वांत प्रामाणिक अंक तोच.

रिकीने सोडून दिलेला हा प्रश्न पुढे उचलला तो कॅन्सस राज्यातल्या एका डबाबंद खाद्याच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्स या तरुणाने. 1977 पासून तो स्वखर्चाने बेसबॉलची वार्षिक समालोचने काढू लागला. त्याने चुका बाजूला सारून प्रत्येक सामन्यामागे खेळाडूच्या हातून किती बाद घडले याचे गुणोत्तर काढले. म्हणजे, ठाऊक असो वा नसो, चॅडविकच्याच शंभर वर्षांपूर्वीच्या सूचनेची अंमलबजावणी केली. आक्षेप तत्काळ आले, आणि ते रास्तही होते: मैदान लहान असेल तर, चेंडूफेके फलंदाजांना परस्पर बाद करीत असतील तर, शेजारचा क्षेत्ररक्षक हावरा असेल तर काय? या सर्वांचे उत्तर एकच होते, आणि ते म्हणजे प्रत्येक चेंडू कोठे पडला याची वेगळी नोंद हवी. परंतु संघटनेच्या दफ्तरात ती नव्हती, असली तरी मिळणारी नव्हती. तेव्हा 1984 मध्ये जेम्सच्या आवाहनावरून गावोगावच्या हौशी स्वयंसेवकांनी प्रत्येक सामन्याचा तपशील उतरवून घेण्याचे काम अंगावर घेतले. ज्या देशात प्रत्येक गोष्टीचा बाजारभाव ठरतो, तेथे हा विनावेतन कारकुनीचा उद्योग वर्षानुवर्षे चालावा, हे मला त्या खेळाच्या कोणत्याही विक्रमापेक्षा अधिक नवलाचे वाटते.

त्या नोंदींतून पुढे मैदानाचे विभाग पाडून मोजण्याच्या पद्धती निघाल्या. जॉन ड्यूअन आणि त्याचे सहकारी, नंतर मिचेल लिक्टमन, यांनी मैदानाच्या प्रत्येक तुकड्यात पडणारा चेंडू सरासरी क्षेत्ररक्षक कितपत झेलतो हे ठरवून, त्या मानाने अमुक खेळाडूने आपल्या संघाच्या किती धावा वाचवल्या वा गमावल्या असा जमाखर्च मांडला. वायदेबाजारातून आलेल्या दोघा जाणत्यांनी मैदानाचे याहूनही बारीक बिंदू पाडले, आणि ओकलंडच्या संघाने 2001 नंतर सोडून गेलेल्या जॉनी डेमनच्या जागी मधल्या मैदानात टेरेन्स लाँग उभा केल्यास किती धावांचा तोटा होईल याचा अंदाज त्यावरून बांधला. मायकेल लुइसच्या 2003 च्या ‘मनीबॉल’ या ग्रंथाने ही हकीकत घरोघर नेली. मग वादाला खरे तोंड फुटले. वर्षानुवर्षे मैदानाच्या कडेला बसून तरुण खेळाडू हेरणारे जुने पारखी एका बाजूला, आणि यंत्रापुढे बसलेले गणिती दुसऱ्या बाजूला, असे त्याचे चित्र रंगवले गेले.

ते चित्र मला कधीच पटलेले नाही. कारण गणिती ज्यांना आकडे म्हणत होते, ते आकडे आले कोठून? कोणी तरी पगारी तरुण चित्रफीत पुढे-मागे फिरवून, पडद्यावरील मैदानाच्या नकाशावर चेंडूची जागा टिचकीने दाखवीत होता, आणि फटका उंच की सपाट, मंद की जोरकस, हे आपल्या नजरेनेच ठरवून लिहीत होता. चॅडविकच्या काळातील धावलेखक, जो बहुधा स्थानिक वृत्तपत्राचाच वार्ताहर असे, तोही हेच करीत होता. म्हणजे 2015 पर्यंतचा सगळा वाद डोळे आणि आकडे यांच्यामधला नव्हताच. तो एका जोडी डोळ्यांची आठवण आणि पुष्कळ जोड्यांची लिखित जबानी यांमधला होता. जबानी पुष्कळांची असली की एकाचा पक्षपात दुसऱ्याच्या पक्षपाताने कापला जातो, एवढाच तिचा अधिकार. म्हणूनच दोन संस्था एकाच खेळाडूविषयी भिन्न निकाल देत, आणि एका हंगामाच्या आकड्यावर विसंबू नका, दोन-तीन हंगाम पाहा, असे लिक्टमन स्वतःच बजावीत असे. ही ताकीद त्याच्या विरोधकांनी त्याच्याविरुद्ध वापरली आणि अनुयायांनी विसरून टाकली.

डोळ्यांचा दोष याहून वेगळा, आणि मला वाटते अधिक खोल आहे. प्रेक्षकाची नजर चेंडूवर असते, आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याचीही. फटका बसतो, चेंडू आकाशात जातो, आणि चित्र बदलून क्षेत्ररक्षक दिसतो तेव्हा तो निम्मे अंतर तोडून चुकलेला असतो. त्याने पहिले पाऊल केव्हा टाकले, पुढे की मागे, तो आधी कोठे उभा होता, हे सारे निकालाचे मुद्दे पडद्याबाहेरच घडून जातात. मग जो उशिरा निघाला आणि म्हणून ज्याने शेवटी स्वतःला जमिनीवर झोकून दिले, तो शूर दिसतो. जो बरोबर निघाला आणि सावकाश येऊन चेंडूखाली उभा राहिला, त्याचे काम कोणालाही जमेल असे वाटते. जो डिमॅजिओ या आउटफील्डरच्या समकालीनांनी त्याच्या खेळातली सहजता ओळखली, तिला शब्द दिले, हे त्यांच्या नजरेचे श्रेय. पण सगळ्यांच्याच वाट्याला असे पारखी आले नाहीत. पारितोषिकांचे मतदान करणारे व्यवस्थापक तर पुष्कळदा कीर्तीलाच मत देत. 1999 मध्ये पहिल्या बेसवरचा उत्तम क्षेत्ररक्षक म्हणून राफाएल पाल्मेइरो निवडला गेला, तेव्हा त्या हंगामात तो त्या जागी अवघे 28 सामने उभा राहिला होता. आउटफील्डरांत सिअॅटलच्या फ्रँकलिन गुटिएरेझचे उदाहरण पाहावे: 2009 मध्ये सर्व नव्या पद्धतींनी त्याला अग्रस्थानी ठेवले असताना पारितोषिके इतर तिघांकडे गेली, आणि 2010 मध्ये, बोलबाला झाल्यावर, तो गौरवला गेला.

2015 मध्ये सर्व प्रमुख मैदानांवर रडार आणि कॅमेरे बसले, आणि प्रथमच मनुष्याच्या नजरेवाचून नोंद होऊ लागली. 2020 पासून हे काम हॉक-आय या यंत्रणेकडे आले. तीच यंत्रणा, जी 2001 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत प्रथम वापरली गेली आणि जिच्यावरून आमचे क्रिकेटप्रेमी पायचीतच्या निर्णयांवर तासन्‌तास भांडतात. बेसबॉलच्या दफ्तरावरचे क्रिकेटचे हे दुसरे ऋण. आता चेंडू किती वेळ हवेत राहिला, क्षेत्ररक्षकास किती अंतर, कोणत्या दिशेने तोडायचे होते, भिंत आड येत होती काय, यावरून प्रत्येक झेलाची शक्यता काढली जाते: शंभरात पंचवीस वेळा साधणारा झेल घेतला तर पाऊण गुण जमा, सुटला तर पाव गुण वजा, शंभरात नव्वद वेळा साधणारा सुटला तर जवळजवळ पूर्ण गुणाची वजावट. पोहोचला नाही त्याचीही नोंद होऊ लागली ती येथे. आणि 2019 मध्ये तर पहिल्या दीड सेकंदातील प्रतिसाद, पुढच्या दीड सेकंदातील वेग आणि मार्गाचा सरळपणा असे तीन भाग फुटांत मोजून प्रसिद्ध होऊ लागले. पहिले पाऊल, झेप आणि वाट हीच जुन्या पारख्यांची तीन कलमे, जी ते रिकीच्या नावाने चालत आलेल्या वीस ते ऐंशीच्या मोजपट्टीवर आपल्या टिपणवहीत अनेक दशके टिपत आले होते. यंत्राने त्यांना खोटे पाडले नाही. त्यांनी काय पाहायला हवे होते हे त्यांना बरोबर ठाऊक होते. फक्त प्रत्येक चेंडूला, प्रत्येक मैदानावर, हंगामभर ते पाहणे कोणा एकास शक्य नव्हते. टँपा बेचा केव्हिन किअरमायर 2010 च्या निवडीत एकतिसाव्या फेरीपर्यंत कोणी घेतला नाही, हा पारख्यांचा पराभव खरा. पण 2015 मध्ये ड्यूअनच्या हिशेबाने त्याने 42 धावा वाचवल्या तेव्हा मतदारांच्या डोळ्यांनीही त्यालाच कौल दिला.

2013 पासून गोल्ड ग्लव्हच्या निकालात सुमारे चतुर्थांश वजन आकड्यांना आणि उरलेले व्यवस्थापक-प्रशिक्षकांच्या मतांना दिले जाते. हे प्रमाण आता उलटे व्हावयास हवे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या कोवळ्या मुलाविषयी अद्याप एकही आकडा जमलेला नाही, त्याच्यापुरता पारख्याचाच शब्द चालावा.

आणि ज्या क्रिकेटने या दफ्तराला आरंभ आणि यंत्र दोन्ही दिले, त्याच्या स्वतःच्या अधिकृत पत्रकात मुंबईच्या एकनाथ सोलकरच्या नावावर 27 कसोटींत 53 झेल लिहिलेले आहेत. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, शिरस्त्राणावाचून, फलंदाजाच्या बॅटीपासून हातभर अंतरावर घेतलेले त्यांतले किती दुसऱ्या कोणास साधलेच नसते, याचा रकाना त्या पत्रकात तेव्हा नव्हता आणि आजही नाही.